निळ्या फेजवरची खोली

एका गावात एक उर्मिला होती आणि तिला आकडे सारखे करायचा भारी नाद होता.

गाव तालुक्याचे. बाजारपेठेत चपलांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर साळवी सरांचे ऑफिस होते. तिथे इमारतींच्या विजेची आखणी होत असे. कोणत्या खोलीत किती दिवे, कुठे किती पंखे, कोणती तार कुठून जाणार, हे सगळे आधी कॉम्प्युटरमध्ये बसवायचे आणि मग भिंतीत. उर्मिला तांबट तिथे डिझायनर होती. हात वेगाचा, नजर तीक्ष्ण आणि स्वभाव असा, की घरात भिंतीवरचे कॅलेंडर तिरके दिसले तर तिला जेवण जात नसे.

या कामातली एक गोष्ट आधी समजून घ्या, म्हणजे पुढे अडणार नाही. मोठ्या इमारतीत वीज तीन तारांनी येते. त्या तारांना फेज म्हणतात. एक लाल, एक पिवळी, एक निळी. इमारतीचा सगळा भार या तिघींवर सारखा वाटायचा असतो. तीन बहिणी पाण्याला गेल्या आणि सगळ्या घागरी एकीच्याच डोक्यावर दिल्या, तर तिची मान मोडणार. तारेचेही तसेच. म्हणून कॉम्प्युटरमध्ये एक तक्ता असतो. कोणता दिवा कोणत्या फेजवर, ते त्यात भरायचे. खाली तीन बेरजा येतात. बेरजांत फार फरक पडला की खालची ओळ लाल होते, फरक थोडा उरला की हिरवी.

बाकीचे लोक ओळ हिरवी झाली की चहाला उठत. उर्मिला उठत नसे. हा पंखा इकडून तिकडे, तो दिवा तिकडून इकडे, असे करत ती तिन्ही बेरजा शेवटच्या आकड्यापर्यंत जुळवायची आणि मगच खुर्ची मागे सारायची. साळवी सर म्हणायचे, "अगं, थोडा फरक चालतो की!" ती म्हणायची, "चालतो सर, पण दिसतो."

तर अशा उर्मिलेकडे एक दिवस एका दवाखान्याचे काम आले. गावात डॉक्टर कुंदाताई मोकाशींचे बाळंतपणाचे जुने रुग्णालय होते. लोकांनी वर्गणी काढून त्याची नवी इमारत बांधायला घेतली होती. काम ऑफिसात आल्याचे कळताच उर्मिला सरांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली.

"सर, हे मला द्या."

"तुझ्याकडे आधीच कामं आहेत."

"असू देत. माझी मुक्ता तिथं वाचलीय."

सरांनी फाईल उचलून तिच्या हातात दिली. 

मुक्ता ही उर्मिलेची लेक. ती दिवस भरायच्या फार आधी जन्मली होती. ओंजळीत मावेल एवढा जीव. जन्मल्यावर कितीतरी दिवस ती त्या जुन्या रुग्णालयात नवजात बाळांच्या खोलीत होती. तिथे बाळांना वरून ऊब देणारी यंत्रे होती. त्यांना सगळे वॉर्मर म्हणत. अशा बाळाला स्वतःची ऊब धरता येत नाही. वॉर्मर बंद पडला तर ते हळूहळू गार पडत जाते, आणि गार पडलेले बाळ रडतसुद्धा नाही. मुक्ता वाचली, वाढली, आता शाळेत जात होती आणि घरात कोणाला बोलू देत नव्हती. दर वाढदिवसाला उर्मिला पेढ्यांचा पुडा घेऊन त्या खोलीत जायची आणि तिथल्या खरात सिस्टरांच्या हातात ठेवायची. मुक्ताला सांगायची, "तुझी पहिली आई ती वॉर्मरची पेटी. मी दुसरी."

तेव्हा ही आखणी तिला नुसती चांगली करून चालणार नव्हती. तिला त्या ऋणातून उतराई व्हायचे होते. तिने ठरवले, की या तक्त्यावर तिळाएवढाही डाग ठेवायचा नाही.

काम मोठे चिवट निघाले. लिफ्ट होती, पाण्याचे पंप होते, शस्त्रक्रियेची खोली होती. बेरजा जवळ येत आणि शेवटच्या क्षणी दूर पळत. कॉम्प्युटरमध्ये तोल आपोआप साधणारे एक बटण होते. तिने तेही दाबून पाहिले, पण त्याची वाटणी तिला ओबडधोबड वाटली. मग तिच्या लक्षात आले, की नवजात बाळांच्या खोलीतले सगळे वॉर्मर उचलून निळ्या फेजवर ठेवले तर बाकीची गणिते आपोआप बसतात. तिने तसे केले. खाली तीन बेरजा आल्या. लाल, पिवळी, निळी, तिन्ही अगदी सारख्या. शेवटच्या आकड्यापर्यंत.

उर्मिला पडद्याकडे पाहत राहिली आणि तिचे डोळे भरून आले. आपण देवाला वाहिलेले फूल असेच असावे, असे तिला वाटले.

साळवी सरांनीही तक्ता पाहिला. त्यांना त्यात काही खटकले नाही, कारण एका खोलीत शक्यतो एकच फेज ठेवावी, ही या धंद्यातली जुनी आणि शहाणी रीत आहे. दोन फेजांच्या तारा एकमेकींच्या हाताशी हात लागेल इतक्या जवळ राहिल्या, तर काम करणाऱ्याला जबर झटका बसायची भीती असते. सर खूश झाले. त्यांनी त्या तक्त्याची मोठी प्रत काढून ऑफिसच्या दाराशी लावली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवू लागले. बांधकाम समितीने ठरवले, की अक्षय्य तृतीयेला उद्घाटन करायचे आणि त्यात उर्मिला तांबट यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचा. उर्मिलेच्या अंगावर मूठभर मांस चढले. विजेची मोठी पेटी, जिला पॅनेल म्हणतात, ती तक्त्याप्रमाणे बनायलाही गेली.

आता एक गोष्ट उघड आहे आणि ती बोलायला हवी. एवढी आखणी करताना उर्मिला एकदाही त्या जुन्या खोलीत बसून आली नव्हती. दर वर्षी पेढे द्यायला जायची, पण पाहायला म्हणून गेली नव्हती. ऑफिसात बसून उंटावरून शेळ्या हाकणे म्हणतात ते हेच. यात तिचा दुष्टावा काही नव्हता. आपण तिथे राहिलो आहोत, म्हणजे आपल्याला तिथले सगळे माहीत आहे, असे तिला वाटत होते.

मुक्ताचा वाढदिवस आला. उर्मिला दुपारी पेढे घेऊन रुग्णालयात गेली.

"या की मुक्ताच्या आई!" खरात सिस्टर म्हणाल्या. त्या उर्मिलेला कधी नावाने हाक मारत नसत. "पोरगी कुठाय?"

"शाळेत आहे. सिस्टर, नवी इमारत होतेय ना, तिच्या विजेचं काम मीच केलंय."

"आगं बया! म्हंजे आता घरचंच माणूस की." सिस्टरांनी पुडा उघडला.

एवढ्यात खोलीच्या खिडकीकडच्या बाजूचे दिवे गेले. पंखा गरगरत थांबला. तिकडच्या वॉर्मरांचे तांबूस उजेड विझले. दाराकडची बाजू मात्र तशीच उजळलेली होती. बाहेर अंगणात जनरेटर होता, पण तो गप्पच. सगळी वीज गेली की त्याला आपोआप जाग यायची. एकच फेज गेली तर त्याला पत्ताच नसायचा. कोणीतरी जाऊन त्याला उठवायचे आणि तो खोकत खोकत उठायचा.

सिस्टरांनी तोंडातला पेढा गिळला आणि म्हणाल्या, "एक फेज गेलीय. बाळांना तिकडं घेते."

त्यांच्या आवाजात ना घाई होती ना घबराट. पाहुणे आले तर चटई टाकते, असे म्हणावे तसे त्या म्हणाल्या. त्यांनी खिडकीकडचे एक बाळ दुपट्यासकट उचलले आणि दाराकडच्या वॉर्मरखाली, तिथल्या बाळाशेजारी, डोक्याला पाय करून निजवले. मग दुसरे उचलले. दोन्ही बाजूंच्या बाळांनी एक जांभई दिली आणि ती एकमेकांची अडचण सोसून झोपली.

उर्मिला हे पाहत होती. तिने विचारले,

"सिस्टर, असं नेहमी होतं?"

"आमच्या गावची फेज ती! मनाला येईल तवा जाती. पण एका येळी एकीकडचीच जाती, दुसरीकडं चालू आसतंय. हे वॉर्मर काय एकदम नाय आले. एक ह्या साली, एक त्या साली. जिथं तार सापडंल तिथं जोडलेत. नशिबानं वेगवेगळ्या फेजवर पडले." मग त्या हसल्या. "तुमच्या मुक्ताला किती येळा ह्या कडेची त्या कडेला नेलीय! एकदा तर एका रात्रीत सारखी हलवत हुते."

"मला कधी सांगितलं नाही तुम्ही."

"तुमाला काय सांगायचं? बाळंतिणीला घोर. तुमी विचारलं हुतं, तर म्हनले, इकडं वारं लागतंय म्हनून हलवली."

उर्मिलेला ते आठवले. वारे लागते म्हणून हलवली. तिने तेव्हा मान डोलावली होती. इतकी वर्षे ती त्या पेटीचे उपकार मानत आली होती. पेटीने वाचवले हे खरेच. पण पेटी विझल्यावर शेजारी दुसरी जळत होती म्हणून मुक्ता वाचली होती, आणि हे तिच्या आईलाच ठाऊक नव्हते. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

आणि मग तिला आपला तक्ता आठवला. नव्या इमारतीत सगळे वॉर्मर निळ्या फेजवर होते. सगळेच्या सगळे. तिथे निळी फेज गेली, तर सिस्टर बाळाला उचलतील आणि न्यायला 'तिकडं' असे काही नसेलच. जनरेटर उठेपर्यंत सारी खोली गार. आणि पॅनेलमधलाच निळ्या फेजचा फ्यूज जळाला, तर जनरेटर उठूनही काही उपयोग नाही.

तिने सिस्टरांचे हात धरले.  ती म्हणाली, "सिस्टर, तुमचे फार उपकार झाले."

"काय तरीच! पेढा घ्या." सिस्टरांनी तिच्याच पुड्यातला पेढा तिच्या हातावर ठेवला.

ऑफिसकडे परतताना उर्मिलेच्या मनात दुसरे मन बोलू लागले. माणसाला अशी दोन मने असतात आणि दुसरे फार गोड बोलते. ते म्हणाले, नवी इमारत आहे, नव्या तारा आहेत, कशाला जाईल फेज? गेली तरी कोणाला कळणार आहे की वाटणी कोणी केली? सरांनी पाहिले, समितीने पाहिले, सगळे 'वा' म्हणाले. झाकली मूठ सव्वा लाखाची. सत्कार होऊ दे, मग पाहू.

उर्मिला चपलांच्या दुकानापाशी येऊन थांबली. वर जाणाऱ्या जिन्यावर तिचा पाय अडखळला. शाल तिला हवी होती, खोटे कशाला बोला? पण तिला सारखी ती दोन बाळे दिसत होती, डोक्याला पाय करून झोपलेली. त्यांतल्या एकाच्या जागी एके काळी मुक्ता होती. ती जिना चढून गेली आणि आपल्या जागेवर न बसता थेट सरांपुढे उभी राहिली.

"सर, माझा तक्ता चुकलाय."

सर हसले. "तुझा? तिन्ही बेरजा सारख्या आहेत."

"म्हणूनच चुकलाय." आणि तिने पाहिलेले सगळे सांगितले.

सर ऐकत गेले तसा त्यांचा चेहरा उतरत गेला. शेवटी ते जरा करड्या आवाजात म्हणाले, "एका खोलीत एकच फेज, ही रीत मीच तुला शिकवली. ती मोडायची म्हणतेस?"

"रीत माणसाला झटका बसू नये म्हणून आहे, सर. ती मी सांभाळते. प्रत्येक फेज वेगळ्या भिंतीवर, वेगळ्या पाइपातून, वेगळ्या पेटीतून नेते. हाताशी हात लागणार नाही. पण बाळाला न्यायला दुसरी बाजू पाहिजेच."

"पॅनेल तयार होत आलंय. खोलावं लागेल. मुहूर्त हुकेल."

"हुकू दे."

"समिती दोष तुला देईल."

"माझाच आहे, सर."

साळवी सर उठले. दाराशी गेले आणि कौतुकाने लावलेला तो तक्ता त्यांनी आपल्या हाताने काढला. पॅनेल बनवणाऱ्याला फोनही त्यांनीच केला. फोन ठेवून म्हणाले, "मीही पाहिला होता गं. मलाही दिसलं नाही. बरं झालं पेढे घेऊन गेलीस."

उर्मिला जागेवर बसली. तिने निळ्या फेजवरचा वॉर्मरांचा गठ्ठा सोडवला. एक लाल फेजवर नेला, एक पिवळीवर, एक निळीवर आणि पुढचा पुन्हा लाल. खालची ओळ लालभडक झाली. मग तिने पंप हलवले, दिवे हलवले, कपडे धुण्याचे मशीन हलवले. हळूहळू ओळ हिरवी झाली. तिन्ही बेरजा जवळ आल्या, पण सारख्या काही झाल्या नाहीत. कुठे थोडे जास्त, कुठे थोडे कमी. तिने आणखी काही हलवून पाहिले नाही. खुर्ची मागे सारली आणि चहाला उठली. ऑफिसातल्या लोकांनी एकमेकांकडे पाहिले, कारण असे पूर्वी कधी घडले नव्हते.

अक्षय्य तृतीया हुकली. पॅनेल खोलून पुन्हा जोडावे लागले. समितीचे अध्यक्ष चारचौघांत म्हणाले, "विजेवाल्या बाईंच्या चुकीनं सगळं लांबलं." ते खोटे नव्हते. पुढे उद्घाटन झाले तेव्हा शाल-श्रीफळ रंगकाम करणाऱ्याला मिळाले. त्याचे काही चुकले नव्हते, आणि रंग दिसतो. उर्मिला मागच्या खुर्चीत बसून टाळ्या वाजवत होती. मुक्ता शेजारी बसून विचारत होती, "आई, तुझं काम कुठलं गं? दाखव ना!" उर्मिला म्हणाली, "भिंतीच्या आत आहे."

पुढचा वाढदिवस आला. या खेपेला उर्मिला मुक्तालाही बरोबर घेऊन गेली. नवी खोली मोठी, हवेशीर. खरात सिस्टर त्याच, हाक तीच. "या मुक्ताच्या आई! आन् ही कोन आली, आमची उंदरी?" मुक्ता लाजून आईच्या मागे गेली. भिंतीशी एक अगदी कोवळी आई बाकावर बसली होती. तिचे बाळ तिच्याजवळच्याच वॉर्मरखाली होते आणि तिची नजर त्याच्यावरून हलत नव्हती.

पुडा उघडला, आणि वरचा दिवा गेला.

 उर्मिलेने मान वळवून पाहिले. या भिंतीवरचे वॉर्मर विझले होते. पण समोरच्या भिंतीवरचे तांबूस उजेड तसेच होते. पलीकडच्या भिंतीवरचेही.

"एक फेज गेलीय," सिस्टर पुटपुटल्या आणि त्या कोवळ्या आईचे बाळ उचलून समोर घेऊन गेल्या.

ती मुलगी दचकून उठली. "काय झालं सिस्टर? का हलवलं?"

"काय नाय गं. तिकडं वारं लागतंय."

मुलगी परत बसली. थोड्या वेळाने तिने पदराने डोळे पुसले आणि उर्मिलेला म्हणाली, "ताई, हे मशीन म्हणजे देवच आहे हो. यानंच जगवलंय माझ्या पोराला."

"हो," उर्मिला म्हणाली. "माझ्या हिलाही यानंच जगवलं."

सिस्टर परत आल्या, हात पुसले, पेढा तोंडात टाकला. "नवी इमारत बरी हाय," त्या म्हणाल्या. "कुठं ना कुठं चालूच आसतंय. आमचं नशीब, दुसरं काय!"

 उर्मिलेने वाकून खरात सिस्टरांच्या पायांना हात लावला आणि मुक्तालाही लावायला सांगितला. सिस्टर संकोचून मागे सरकल्या. नमस्कार कशासाठी, हे काही त्यांना कळले नाही. समोरच्या भिंतीशी ते बाळ उबेत झोपले होते.

तात्पर्य: आकडे सारखे झाले म्हणजे तोल साधला असे नव्हे, एकाने साथ सोडली तर दुसऱ्याने सांभाळावे, अशी वाटणी म्हणजे तोल. आणि उपकार फेडायचे तर आपले काम किती देखणे झाले हे पाहू नये, अडल्या वेळी ते कोणाच्या उपयोगी पडेल हे पाहावे.